चाकाच्या पोटातला आवाज

आवाज आधी आईने ऐकला. गणपतीला आठ दिवस असताना मी पुण्याहून गारगोटीला पोचलो, तर चहाचा कप हातात देतानाच ती म्हणाली, "गाडी विमानासारखी घुमते रे. तुझ्या बाबांना सांगून दमले मी."

बाबांचं म्हणणं वेगळं. "काही घुमत नाही. रोज मीच चालवतोय ना? मला कधी आला नाही तो आवाज."

बाबा एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गाडी २००६ सालची. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओकडून तिचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून मिळालं. तो कागद बाबा स्वतःच्याच तब्येतीचा दाखला असल्यासारखा लोकांना दाखवतात. गणपती झाले की त्यांना सावंतवाडीला आत्याकडे जायचं होतं, आजऱ्याहून आंबोलीचा घाट उतरून.

मी गाडी घेऊन कूरच्या बाजूला एक चक्कर मारली. तिशीपर्यंत काही नाही. चाळिशीला खालून घूंऽऽ सुरू झालं आणि वेगाबरोबर चढत गेलं. गिअर न्यूट्रलला टाकला तरी तसंच, म्हणजे इंजिन नव्हे. रस्ता डावीकडे वळला की वाढायचं, उजवीकडे वळला की विरायचं. शिवाय ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, हे मला माहीत होतं. म्हणजे पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग.

दुसऱ्या चकरीला बाबांना शेजारी बसवलं. साठच्या वेगाला मला आवाज चढवून बोलावं लागत होतं.

"आता?"

"कुठाय?" बाबा म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. आवाज गाडीत होता, बाबांच्या कानात पोचत नव्हता. असं किती दिवस चाललंय, याचा हिशेब मी गाडी वळवता वळवता करायला लागलो. दार वाजलेलं ऐकू न येणं, फोनवर "हॅलो हॅलो" करणं, टीव्हीचा आवाज. आम्ही सगळ्यांनी ते हट्टीपणात मोडून टाकलं होतं.

*

गारगोटीचा इतिहास म्हटलं की १३ डिसेंबर १९४२ ची रात्र येते. कचेरीवर चालून गेलेले क्रांतिकारक आणि त्यात हुतात्मा झालेले सात जण. आम्ही शाळेत त्यांची नावं पाठ केली आणि ती पाठ असायलाच हवीत. पण या गावाचा आणखी एक इतिहास आहे. तो रस्त्यावरून रोज जातो आणि कुणी त्याला इतिहास म्हणत नाही. तो चाकाच्या मध्यभागी असतो.

बैलगाडीचं लाकडी चाक आठवून बघा. बाहेर लोखंडी धाव, मध्ये आरे आणि केंद्रात लाकडाचा जाडजूड तुंबा. तुंब्याच्या भोकातून आस जायचा. लोखंड किंवा लाकूड एकमेकांवर सरळ घासायचं आणि मध्ये फक्त वंगण. गाडीच्या खाली लटकणारं वंगणाचं नळकांडं माझ्या आजोबांच्या पिढीने रोज हाताळलंय. गाडी करकरली की तिला वंगण हवं, हे पोरालाही कळायचं. आपण आज "कामाला वंगण लावायला हवं" म्हणतो तेव्हा ते त्या नळकांड्यातूनच आलेलं असतं, भले आपण ते कधी पाहिलेलं नसो.

घासण्याऐवजी गडगडवायचं, ही युक्ती कागदावर जुनी आहे. वेल्समधल्या फिलिप व्हॉन नावाच्या लोखंड कारखानदाराने १७९४ मध्येच गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं होतं. पण सगळ्या गोळ्या एकाच मापाच्या, एकसारख्या कडक करणं तेव्हा कुणाच्या आवाक्यात नव्हतं. शंभर वर्षं त्यातच गेली.

मग १८९८ मध्ये हेन्री टिमकेन आला. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात त्याचा बग्ग्या बनवण्याचा धंदा होता. त्याची अडचण कुठल्याही गाडीवानाला कळेल अशी होती. सरळ रस्त्यावर चाकावर भार फक्त वरून येतो. वळणावर तो बाजूनेही ढकलतो आणि साधं बेअरिंग तिथेच मार खातं. त्याने रोलर थोडे निमुळते केले, गाजरासारखे, म्हणजे वरचा आणि बाजूचा, दोन्ही भार एकाच बेअरिंगने घ्यावेत. आज ट्रकच्या चाकात जे असतं ते हेच. घोड्यांच्या गाडीसाठी काढलेली वस्तू मोटारीला आयती मिळाली.

दुसरा मोठा टप्पा तर गाडीतला नाहीच, कापडगिरणीतला आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला एका गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनिअर होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचायची, छताखालचे लांबलचक शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंगं जळायची. त्याने १९०७ मध्ये असं बेअरिंग केलं की शाफ्ट थोडा तिरका झाला तरी ते सांभाळून घेईल. त्यातून एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. तिचा भारतातला कारखाना १९६० च्या दशकात आपल्या चिंचवडला आला. त्याआधी १९४६ मध्ये जयपूरला देशी बेअरिंगची सुरुवात झाली होती. या दोन्हींच्या आधी चाकाची गोळी न गोळी बोटीतून यायची.

एवढीशी वस्तू किती महत्त्वाची, हे दुसऱ्या महायुद्धात कळलं. आमच्या कचेरीवरच्या मोर्च्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा, १४ ऑक्टोबर १९४३ रोजी, अमेरिकेने जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट या गावावर २९१ बॉम्बर पाठवले. तिथे ना राजधानी, ना बंदर. तिथे बेअरिंगचे कारखाने होते. बेअरिंग थांबलं की रणगाडा, विमान, ट्रक सगळंच थांबेल, असा हिशेब. त्या एका दिवसात ६० विमानं परत आली नाहीत. जर्मनी काही थांबली नाही. साठे होते, कारखाने हलवले गेले. पण चाकाच्या पोटातल्या गोळ्यांसाठी एका दुपारी शेकडो पोरं गेली, हे मला हे सगळं वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

आमच्याकडे बेअरिंग मोटारीआधी बैलांच्या मागूनच आलं म्हटलं तरी चालेल. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर उसाला टायरची बैलगाडी लागली. तिच्या हबमध्ये मोटारीसारखीच बेअरिंगं. मी लहान असताना हंगामात बिद्रीच्या कारखान्याकडे जाणाऱ्या अशा गाड्यांची रांग रात्रभर चालायची. घुंगरं ऐकू यायची, चाकं नाही. उतारावर गाडीवान दोरी ओढायचा आणि एक लाकडी ठोकळा टायरवर दाबला जायचा. रबर जळल्याचा वास यायचा. तो आमचा पहिला ब्रेक.

*

मिस्त्रीचं गॅरेज गावाच्या टोकाला आहे. तो बाबांचा विद्यार्थी, त्यामुळे बाबा गेले की आधी खुर्ची पुसली जाते. त्याने गाडी जॅकवर घेतली, उजवं चाक हाताने फिरवलं आणि डोळे मिटले. मग मला वाटलं तो काहीतरी निदान सांगेल. तो बाबांकडे वळला.

"सर, हात द्या जरा."

त्याने बाबांचा तळहात चाकाच्या वरच्या स्प्रिंगवर ठेवला आणि चाक पुन्हा फिरवलं. बाबांचा चेहरा बदलला. गिरणीत जात्यावर हात ठेवावा तशी खरखर बोटांतून वर येत होती.

"हे?" बाबा म्हणाले.

"हेच. आता ह्या बाजूला बघा." डाव्या स्प्रिंगवर काहीच नव्हतं.

बाबांनी तीन वेळा आलटून पालटून हात लावला. मग शांतपणे खुर्चीत जाऊन बसले. "काढ," म्हणाले.

ही हाताने ऐकायची पद्धत मिस्त्रीला त्याच्या वडिलांनी शिकवली. वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या वर्कशॉपला होते. आणि इथे मला माझ्या जिल्ह्याबद्दल थोडी बढाई मारू द्या. कोल्हापूरला यंत्र उघडून बघायची जुनी खोड आहे. बाबूराव पेंटरांनी चित्रपट काढायचा तर कॅमेरा घरीच बनवला आणि त्यातून १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. म्हादबा मेस्त्रींचं नाव ऑइल इंजिन घडवणाऱ्या पहिल्या पिढीत आजही आदराने घेतात. थोडं पलीकडे, कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना मांडून बिडाचा नांगर ओतायला सुरुवात केली. नद्या होत्या, ऊस होता, पाणी उचलायला इंजिन हवं होतं. इंजिनाला ओतकाम हवं होतं. म्हणून भट्ट्या आल्या. पुढे वीज आली, मोटारपंप आले, ऑइल इंजिनांचे दिवस सरले. भट्ट्या मात्र राहिल्या. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या मोटारींच्या भागांकडे वळल्या.

हे सांगायचं कारण म्हणजे आमच्या गाडीची डिस्क. चाकाबरोबर फिरणारी ती लोखंडी थाळी, जिला दोन्हीकडून पॅड चिमटा घेतात, ती पोलादाची नसते. ती बिडाची असते, राखाडी बिडाची. या लोखंडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात. त्यामुळे ते उष्णता झटकन पसरवतं आणि थरथर गिळतं. पोलादाची थाळी घंटेसारखी वाजली असती. नांगराला, इंजिनाच्या धडाला आणि ब्रेकला एकाच घराण्याचं लोखंड. नांगराच्या भट्टीपासून डिस्कच्या भट्टीपर्यंत फार लांब जावं लागलं नाही, ते यामुळेच.

मिस्त्रीने जुनी डिस्क काढून माझ्या हातात दिली. कडेला एक उंचवटा तयार झाला होता. पॅड जिथे पोचत नाही तिथली मूळ जाडी. आतला भाग झिजून खोल गेलेला आणि त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा. किती झिजली की फेकायची, तो किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. आमचा आकडा गंजाखाली होता. खरवडून वाचला, कॅलिपरने मापलं, डिस्क त्या आकड्याच्याही खाली गेलेली.

"लेथवर टर्निंग मारून चालंल काय?" बाबांनी विचारलं. जुनी सवय.

"सर, आता मारायला उरलंय काय तिच्यात?"

*

डिस्क ब्रेकची गोष्ट मला नेहमी उशिरा कळलेल्या शहाण्या माणसासारखी वाटते. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने त्याचं पेटंट १९०२ मध्येच घेतलं. पण त्याचे चिमटे तांब्याचे. धातूवर धातू, म्हणजे ब्रेक लावला की किंकाळी. लोकांनी बंदिस्त ड्रमचा ब्रेक पसंत केला आणि पन्नास वर्षं तोच चालला. मग १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वारची डिस्क ब्रेकवाली गाडी जिंकली. इतर गाड्या वळणाच्या कितीतरी आधी वेग कमी करायच्या, ही शेवटच्या क्षणापर्यंत पळायची. दोन वर्षांत सित्रोएनने तो ब्रेक रोजच्या वापरातल्या गाडीला लावला. आपल्याकडच्या फियाट, म्हणजे नंतरच्या पद्मिनी, मात्र कितीतरी वर्षं चारही चाकांना ड्रम घेऊनच घाट चढल्या-उतरल्या.

ड्रमचं दुखणं उष्णता. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणं, दुसरं काही नाही. माणसांसकट ११०० किलोची गाडी घाटात ५०० मीटर खाली आली, तर तेवढ्या उष्णतेत १७ लिटर पाणी उकळीला येईल. इंजिनाने थोडा भार घेतला तरी बाकीची जाणार कुठे? ड्रममध्ये ती कोंडते, डिस्कवरून वारा तिला घेऊन जातो. म्हणून घाटात गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. हे बाबांना मी सांगायची गरज नव्हती, त्यांनीच मला शिकवलंय. आमच्या गावाचं नावच घासली की ठिणगी देणाऱ्या दगडाचं आहे, ही आठवण मला तिथे गॅरेजात बसून झाली आणि थोडं हसू आलं.

मागच्या चाकांना अजून ड्रमच आहेत. ते उघडले तेव्हा मिस्त्रीने एक गोष्ट केली जी मी पूर्वी पाहिली नव्हती. हवेच्या पाइपने धूळ उडवली नाही. बाटलीतून पाणी मारलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

या धुळीचाही इतिहास आहे. इंग्लंडच्या डोंगराळ डर्बीशरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७ च्या सुमारास पाहिलं की उतारावर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यावर जुना बूट ठोकतात, म्हणजे पकड चांगली मिळते. त्यावरून त्याने ब्रेकचं अस्तर बनवायचा धंदा काढला. कंपनीचं नाव फेरोडो, त्याच्याच आडनावाची अक्षरं उलटसुलट करून. उसाच्या गाडीवरचा आमचा ठोकळा आणि त्याचा बूट, दोघं भाऊच. पुढे अस्तरात अस्बेस्टॉस आला, कारण तो जळत नाही. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता. देशभरच्या गॅरेजात लायनर घासले गेले, ड्रम फुंकले गेले. अस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये अस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि कामगारांच्या तपासणीच्या नोंदी ४० वर्षं जपायला सांगितलं. चाळीस वर्षं, कारण आजार तेवढा सावकाश चालतो. तो निकाल कारखान्यांसाठी होता. गॅरेजातल्या पोराची नोंद कोण ठेवणार?

"आमचा उस्ताद खोकून खोकून गेला," मिस्त्री म्हणाला. "कशानं ते कुणी तपासलं न्हाई. बिड्या पण वडायचा. पण मी तवापासनं फुंकायचं सोडलं." आता पॅडच्या डब्यांवर अस्बेस्टॉस नसल्याचं छापलेलं असतं. तो त्यावर विश्वास ठेवतो, पण पाणी मारायचं सोडत नाही.

*

बेअरिंगचं काम त्याने गॅरेजात केलं नाही. चाक ज्यावर बसतं तो अख्खा नकल काढला आणि लेथवाल्याकडच्या प्रेसवर नेला. मीही मागोमाग गेलो. जुनं बेअरिंग सुटताना बंदुकीसारखा आवाज झाला. नवं बसवताना मात्र मिस्त्री लेथवाल्याच्या पोराला दोनदा ओरडला, "बाहेरच्या रिंगला दाब दे, आतल्या न्हाई!" आतल्या रिंगवर दाब दिला तर तो गोळ्यांमधून बाहेरच्या रिंगपर्यंत जातो, गोळ्या पृष्ठभागावर खळगे पाडतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घुमायला लागतं. हातोड्याने ठोकून बसवलं तरी तेच. माणसं मग कंपनीला शिव्या देतात.

जुन्या बेअरिंगची रिंग मी पुसून उन्हात धरली. आरशासारखी पट्टी आणि तिच्यावर एका जागी देवीच्या व्रणांसारखे खड्डे. सील फाटलेलं, आतलं ग्रीस तांबड्या मातीने गेरूसारखं झालेलं. आमच्याकडचा पाऊस आणि आमच्याकडचे रस्ते, दुसरं काय.

डिस्क मात्र दोन्ही बाजूंच्या बदलल्या, पॅडही नवे. एकच बदलली तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. बसवण्याआधी मिस्त्री पोराकडून हबचा तोंडाकडचा भाग तारेच्या ब्रशने घासून घेत राहिला. मला कंटाळा आला. पण ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरतं त्याला बहुतेक वेळा "डिस्क वाकली" म्हणतात आणि खरं कारण असतं ते हब आणि डिस्कच्या मध्ये राहिलेला गंजाचा पापुद्रा. तेवढ्याने थाळी किंचित तिरकी बसते आणि फिरता फिरता कमी-जास्त झिजते. नव्या डिस्कवरचं तेल पेट्रोलने पुसलं. शाफ्टचा नट जुना वापरला नाही, नवा आणला.

बिल बाबांनी दिलं. गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने ते किती, हे मी मनात काढलं आणि बोललो नाही.

संध्याकाळ झाली होती. गाडी अजून जॅकवर होती. मिस्त्रीने चाक फिरवलं, ते बराच वेळ फिरत राहिलं. मी कान लावला. पॅडची हलकी सरसर, बाकी काही नाही.

बाबा खुर्चीतून उठले. न सांगता त्यांनी तळहात स्प्रिंगवर ठेवला.

"फिरव परत," ते म्हणाले.

मिस्त्रीने फिरवलं. बाबा हात ठेवून उभे राहिले, चाक थांबेपर्यंत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोल्हापूरला तो कानाचा डॉक्टर कुठं बसतो, ते विचारून ठेव."